एचसीएलच्या स्पेक्ट्रममधली रिकामी जागा

हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत दोन अणूंमधलं अंतर ०.९१५ अँगस्ट्रॉम. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या एका जर्नलमध्ये हे उत्तर चौकटीत लिहिलेलं होतं. त्याच बॅचच्या आणखी काही जर्नलांतही तेच, फक्त शेवटचा अंक थोडा इकडेतिकडे. आकडेमोड तपासली तर कुठेच घसरलेली नव्हती. रिड्यूस्ड मास बरोबर, प्लँकचा स्थिरांक बरोबर, एककंही नीट बदललेली. तरी उत्तर अशक्य होतं. क्लोरीनच्या रेणूत दोन क्लोरीन अणूंमध्ये १.९९ अँगस्ट्रॉम अंतर असतं, म्हणजे एका अणूच्या वाट्याला साधारण एक अँगस्ट्रॉम येतो. ०.९१५ खरं मानायचं तर हायड्रोजनला क्लोरीनच्या पोटात शिरून बसावं लागेल. खरं अंतर १.२७ च्या आसपास आहे. योगायोगाने ०.९१७ अँगस्ट्रॉम हे हायड्रोजन फ्लोराइडमधलं अंतर आहे, त्यामुळे हा आकडा कुठेतरी वाचल्यासारखा वाटतो आणि खटकत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण त्यातून क्वांटम केमिस्ट्री शिकवण्यातली एक अडचण फार स्वच्छ दिसली. ज्यांचं उत्तर बरोबर आलं होतं, त्यांनाही ते का बरोबर आहे हे सांगता येत नव्हतं. चूक आणि बरोबर दोन्ही एकाच पाठांतरावर उभे होते.

आधी आकडा आला कुठून ते पाहू. इथून पुढे वर्णपटातले सगळे आकडे सेंमी⁻¹ मध्ये आहेत. दर वेळी एकक लिहीत नाही. एचसीएल वायूचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम २७०० ते ३०५० या पट्ट्यात पाहिला की कंगव्याच्या दातांसारख्या लाईन दिसतात. क्लोरीन-३५ च्या रेणूसाठी वरच्या बाजूला, म्हणजे आर शाखेत, त्या २९०६.२, २९२५.९, २९४४.९, २९६३.३ अशा चढत जातात. खालच्या बाजूला, पी शाखेत, २८६५.१, २८४३.६, २८२१.६, २७९८.९ अशा उतरतात. शेजारच्या दोन लाईनमध्ये साधारण २० चं अंतर आहे. फक्त मध्यावर, २९०६.२ आणि २८६५.१ यांच्यामध्ये, ४१ ची रिकामी जागा. कंगव्याचा एक दात पडलेला.

प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं: लगतच्या दोन लाईनमधलं अंतर म्हणजे २बी. इथे बी म्हणजे रोटेशनल कॉन्स्टंट. तो कळला की बंधाची लांबी काढता येते. ज्या मुलांनी मध्यावरच्या दोन लाईन ‘लगतच्या’ धरल्या, त्यांना ४१.१ म्हणजे २बी असं वाटलं. बी झाला २०.६, आणि लांबी ०.९१५. सूत्र पाळलं, शब्दही पाळला. चार्टवर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या याच दोन लाईन, म्हणून त्याच निवडल्या गेल्या.

वर्गातल्या दुसऱ्या गटाने वेगळं केलं. त्यांनी चार्टवर मध्यभागी पेन्सिलीने एक लाईन स्वतःच काढली आणि शेजारी लिहिलं, ‘नोंद झाली नाही’. मग सगळी अंतरं वीसच्या घरात आली, सरासरी काढून बी १०.३, आणि लांबी १.२९. म्हणजे मशीन बिघडलंय असं मानणाऱ्यांचं उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ पोचलं. परीक्षकाने नुसतं उत्तर पाहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

तिसरा गट पुस्तक वाचून आलेला. त्यांनी लिहिलं होतं की क्यू शाखा, म्हणजे मध्यावरची लाईन, निषिद्ध असते, कारण निवड नियम, म्हणजे रेणू कुठल्या पातळीतून कुठल्या पातळीत जाऊ शकतो ते ठरवणारा नियम. निवड नियम का, असं विचारलं तर पुन्हा ‘निवड नियम’.

या मुलांची पार्श्वभूमी सांगायला हवी. बहुतेक जण आसपासच्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांतून बीएस्सी करून आलेले, बरेचसे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. इन्फ्रारेड म्हटलं की त्यांना ऑरगॅनिकचा पेपर आठवतो: १७१५ ला पीक म्हणजे कीटोन, ३३०० ला रुंद पीक म्हणजे ओएच. तिथे नमुना घन किंवा द्रव असतो, रेणू मोकळे फिरत नाहीत, आणि प्रत्येक कंपनाला एकच रुंद पीक मिळतं. वायूचा स्पेक्ट्रम त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. शिवाय क्वांटम केमिस्ट्री आणि स्पेक्ट्रोस्कोपी आमच्याकडे दोन वेगळ्या पेपरांत येतात. रिजिड रोटरचं श्रोडिंगर समीकरण एका वहीत, पी आणि आर शाखा दुसऱ्या वहीत. सेट-नेटच्या तयारीत ही दरी आणखी वाढते, कारण तिथे ‘अंतर २बी’ एवढं लक्षात ठेवलं की प्रश्न सुटतो.

जर्नलं पाहिल्यावर विभागात सूचना आली की मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत एक ओळ टाकावी: मधलं अंतर ४बी असतं, ते गणितात धरू नये. सूचना सद्भावनेचीच होती, वेळही वाचला असता. मला ती मान्य नव्हती. पुढच्या वर्षी सगळ्या जर्नलांत १.२९ आलं असतं आणि आतली परिस्थिती मात्र आहे तीच राहिली असती, फक्त दिसेनाशी झाली असती. चुकीचं उत्तर निदान प्रश्न उघडा पाडतं. म्हणून उरलेल्या तासिकांत याच एका स्पेक्ट्रमवर थांबायचं ठरवलं.

सुरुवात मशीनपासून केली. ‘मॅडम, मधली लाईन आलीच नाही, मशीनला काहीतरी प्रॉब्लेम आहे,’ असं म्हणणारी मुलगी वर्गात होती, आणि तिची शंका रास्त होती. प्रयोग करणाऱ्याने उपकरणावर संशय घेतलाच पाहिजे. मी तिला एवढंच म्हटलं, ‘मग सिद्ध कर. मशीन मधल्या लाईन खातं, हे दुसऱ्या कुठल्या वायूवर दाखव.’ दुसरा वायू शोधायला लांब जावं लागत नाही. एफटीआयआरवर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेणाऱ्या आमच्या मशीनवर, नमुना ठेवण्याआधी जो बॅकग्राउंड घेतो, त्यात खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड येतोच. एरवी मुलं बॅकग्राउंडकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मशीन तो आपोआप वजा करतं. त्या दिवशी तोच स्क्रीनवर मोठा करून पाहिला. २३४९ पाशी दोन उंचवटे आणि मध्ये खळगा. ‘बघा, इथेही मध्ये काही नाही,’ असं ती म्हणेपर्यंत तिच्या पार्टनरने कर्सर ६६७ वर नेला होता. तिथे बरोबर मधोमध एक उंच, टोकदार पीक उभं होतं. त्याच मशीनने, त्याच हवेत, त्याच एका चार्टवर एका ठिकाणी मधली लाईन दाखवली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

मशीनवरचा आरोप तिथेच संपला, आणि प्रश्न रेणूवर आला. ६६७ हे कार्बन डायऑक्साइडचं वाकण्याचं कंपन आहे; त्यात विद्युत द्विध्रुव रेणूच्या अक्षाला काटकोनात हलतो. २३४९ चं ताणाचं कंपन अक्षावरच होतं. एचसीएलला दोनच अणू, त्याला वाकणं ठाऊकच नाही. मधली लाईन कंपनाच्या दिशेशी बांधलेली आहे, हे मुलांनी सूत्राशिवाय चार्टवरूनच ओळखलं. क्यू शाखेवरच्या तासाभराच्या व्याख्यानातून जे पोचलं नसतं ते या दहा मिनिटांत पोचलं, असं मला अजूनही वाटतं.

पुढचा भाग रेझोल्यूशनचा, म्हणजे किती जवळच्या दोन लाईन मशीन वेगळ्या दाखवू शकतं त्याचा; आकडा जितका लहान तितकं बारीक दिसतं. मशीनचं नेहमीचं सेटिंग ४ असतं आणि कुणी त्याला हात लावत नाही. गॅस सेल भरलेलाच होता. मिठावर सल्फ्युरिक ॲसिड टाकून वायू बनवला होता, फ्यूम हूडमध्ये, आणि नीट कोरडा करून मगच सेलमध्ये घेतला होता. हे प्रॅक्टिकल आम्ही पावसाळ्यात घेत नाही, हिवाळ्याच्या सत्रात घेतो. जुलैच्या दमट हवेत सेलच्या केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) विंडो हातात धरल्या तरी धूसर होतात, आणि नव्या विंडो मिळायला काय लागतं ते लॅब सांभाळणाऱ्या मामांना विचारावं. त्या पुन्हा सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये जाईपर्यंत ते तिथून हलत नाहीत.

तोच सेल, तोच वायू, फक्त रेझोल्यूशन बदललं. ३२ वर ठेवलं तेव्हा दात पुसले गेले आणि दोन गुळगुळीत उंचवटे राहिले, मध्ये खळगा. ४ वर कंगवा दिसला. १ वर प्रत्येक दाताच्या शेजारी, खालच्या बाजूला साधारण २ च्या अंतरावर, एक बुटका दात फुटला.

हे तीन चार्ट म्हणजे या विषयाचा इतिहासच आहे, आणि तो मी मुलांना आकड्यांसकट सांगितला. १९१२ मध्ये डेन्मार्कच्या नील्स ब्येरुम यांनी मांडलं की वायूच्या इन्फ्रारेड पट्ट्यातले दोन उंचवटे कंपनात मिसळलेल्या फिरण्यामुळे येतात, आणि फिरण्याची ऊर्जा पुंजांत असेल तर हे उंचवटे सुट्या लाईनमध्ये फुटायला हवेत. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या एव्हा फॉन बार यांनी एचसीएलच्या पट्ट्यात तशी रचना दाखवली. १९१९ मध्ये मिशिगन विद्यापीठात एल्मर आईम्स यांनी एचसीएलच्या लाईन इतक्या स्वच्छ वेगळ्या केल्या की त्यांचे आकडे मोजून घेता आले. अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय संशोधक. त्यांच्या १.७६ मायक्रॉनच्या पट्ट्यात, म्हणजे एचसीएलच्या पहिल्या ओव्हरटोनमध्ये, लाईनच्या जोड्या दिसत होत्या. त्या जोड्या क्लोरीनच्या दोन समस्थानिकांमुळे आहेत, हे १९२० मध्ये लूमिस आणि क्राट्झर यांनी स्वतंत्रपणे ओळखलं. अॅस्टन यांनी मास स्पेक्ट्रोग्राफवर क्लोरीनचे समस्थानिक वेगळे केले तेही त्याच सुमाराचं. आज एफटीआयआरच्या मेनूत एक आकडा बदलून विद्यार्थी १९१२ पासून १९२० पर्यंत येतो. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते, आणि ती आपण बहुतेक ठिकाणी वापरत नाही.

आता प्रकरणाचा गाभा. मधली जागा ४बी का?

यासाठी ग्राफ पेपर वाटले आणि सांगितलं की सूत्र पाहायचं नाही, तीन वेगवेगळ्या जगांतला एचसीएलचा स्पेक्ट्रम काढायचा. पहिल्या जगात रेणू कुठल्याही वेगाने फिरू शकतो, पुंज वगैरे काही नाही. दुसऱ्या जगात फिरण्याची ऊर्जा पुंजांत, म्हणजे ठरावीक पायऱ्यांत आहे, पण ती बी गुणिले जेचा वर्ग. इथे ‘जे’ म्हणजे फिरण्याचा पुंजांक: ०, १, २, ३. बोरच्या पद्धतीने कोनीय संवेगाला पूर्णांकात बांधलं की हेच येतं. तिसऱ्या जगात ती बी गुणिले जे(जे+१), जी श्रोडिंगर समीकरणातून येते. पुंजांच्या दोन्ही जगांत एक साधी अट: प्रकाश शोषताना जे एकाने वाढतो किंवा एकाने घटतो.

पहिल्या जगाचं चित्र सगळ्यांनी पटकन काढलं: दोन उंचवटे. ३२ च्या रेझोल्यूशनचा चार्ट डोळ्यांसमोरच होता.

दुसऱ्या जगात ऊर्जापातळ्या ०, बी, ४बी, ९बी. त्यांच्यातले फरक बी, ३बी, ५बी. म्हणजे कंपनाच्या केंद्रापासून वर बी, ३बी, ५बी वर लाईन आणि खाली तशाच. मुलांनी त्या ग्राफवर मांडल्या आणि वर्गात कुजबुज सुरू झाली, कारण मध्ये रिकामी जागाच येत नव्हती. केंद्राच्या दोन बाजूंच्या पहिल्या लाईनमध्ये बी आणि बी मिळून २बी, आणि पुढेही प्रत्येक अंतर २बी. अखंड कंगवा, एकही दात पडलेला नाही, आणि तरी केंद्रावर लाईन नाही.

तिसऱ्या जगात पातळ्या ०, २बी, ६बी, १२बी. फरक २बी, ४बी, ६बी. केंद्रापासून पहिली लाईन २बी वर, खाली पहिली २बी वर. मध्ये ४बी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जगात निवड नियम तोच होता. केंद्रावर लाईन दोन्हींत नाही. फरक एवढाच की जेचा वर्ग घेतला की मधलं अंतर इतरांइतकंच राहतं, आणि जे(जे+१) घेतलं की दुप्पट होतं. मुलांनी ४ च्या रेझोल्यूशनचा चार्ट शेजारी ठेवला. ४१ आणि २०. एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे हा गॅप म्हणजे ते प्लस वन आहे.’

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. १९२० च्या आसपास जुन्या पुंज सिद्धांताने काम करणाऱ्यांसमोरही ही मधली जागा अशीच उभी होती. ती सांभाळायला अर्धे पुंजांक आणले गेले: जेच्या जागी अर्धा, दीड, अडीच. दीडचा वर्ग वजा अर्ध्याचा वर्ग बरोबर दोन, म्हणजे २बी, आणि आकडे जुळतात. पण अर्धा का, याचं उत्तर त्या सिद्धांताकडे नव्हतं. १९२५-२६ मध्ये नवी पुंजयांत्रिकी आली तेव्हा जे(जे+१) आपोआप बाहेर पडलं. जे(जे+१) म्हणजे (जे+अर्धा) चा वर्ग वजा पाव. पाव सगळ्या पातळ्यांत सारखा असल्याने फरकांत दिसत नाही. अर्ध्या पुंजांकांची ठिगळं इतकी छान का बसत होती तेही त्यातून कळतं.

या टप्प्यावर ०.९१५ लिहिणाऱ्या गटाकडे परत गेले. त्यांनी मधल्या जागेलाही २बी धरलं होतं. दुसऱ्या जगात ते बिनचूक ठरलं असतं. त्यांना मी तसंच सांगितलं: तुमचा रेणू बोरच्या जगातला आहे, आणि प्रयोग म्हणतोय की तो तिथला नाही. चूक दाखवली जात असताना एरवी जी मान खाली जाते ती या वेळी गेली नाही. उलट त्यातल्या एकीने विचारलं की मग मॅन्युअलमध्ये नुसतं ‘लगतच्या लाईन’ कशाला लिहिलंय. तिचा मुद्दा योग्य होता. ती ओळ आता ‘एकाच शाखेतल्या लगतच्या लाईन’ अशी केली आहे.

राहिला निवड नियम. जे बदललाच पाहिजे, हे कुठून आलं? इथे क्वांटम केमिस्ट्रीची वही उघडावी लागते. जे शून्य असताना रेणूचं तरंगफल गोलाकार, सगळ्या दिशांना सारखं. जे एक असताना ते कॉस थीटासारखं: वर धन, खाली ऋण. प्रकाशाशी बोलणारा द्विध्रुवाचा घटकही कॉस थीटाच. मुलांनी तीन इंटिग्रल हाताने सोडवली. शून्यातून शून्यात जायचं तर गोलावर नुसत्या कॉस थीटाची बेरीज: वरचा अर्धा गोल धन, खालचा ऋण, उत्तर शून्य. शून्यातून एकात जायचं तर कॉस वर्ग थीटा: तो कुठेच ऋण होत नाही, बेरीज ४पाय/३. एकातून एकात जायचं तर कॉस घन थीटा: पुन्हा वरचं खालचं कापलं जातं, शून्य. ही तीन इंटिग्रल बारावीच्या गणितात बसतात. हीच मुलं क्वांटमच्या पेपरात गोलीय हार्मोनिक फलनांचे ऑर्थोगोनॅलिटीचे पुरावे पानभर लिहून आली होती. त्या पानाचा आणि चार्टवरच्या रिकाम्या जागेचा संबंध आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी यात अभ्यासक्रमाला दोष देते. दोन वेगळे पेपर असायला हरकत नाही, पण एक तरी प्रॅक्टिकल दोघांच्या मध्ये बसायला हवं.

यानंतर आकडे पुन्हा काढले, आणि आता मुलं स्वतःहून बारीक पाहू लागली. आर शाखेत लाईन वर जाताना दाटत जातात: १९.७, १९.०, १८.४. पी शाखेत खाली जाताना विरळ होतात: २१.५, २२.०, २२.७. सरासरी काढून हे दडपण्याऐवजी एकाच पातळीतून निघणाऱ्या आणि एकाच पातळीत पोचणाऱ्या लाईनच्या जोड्या लावल्या. २९०६.२ आणि २८४३.६ या दोन लाईन कंपनाच्या वरच्या एकाच पातळीत पोचतात. त्यांच्यातला फरक ६२.६ फक्त खालच्या स्थितीवर अवलंबून, ६ ने भागला की खालचा बी १०.४३. तसंच २९२५.९ आणि २८६५.१ खालच्या एकाच पातळीतून निघतात; फरक ६०.८, वरचा बी १०.१३. वरच्या कंपनपातळीत बी कमी, म्हणजे बंध सरासरीने लांब. कंपन करणारा रेणू दाबला जातो त्यापेक्षा जास्त ताणला जातो, हे मॉर्स वक्राचं (बंधाच्या लांबीनुसार ऊर्जा कशी बदलते ते दाखवणाऱ्या वक्राचं) वर्णन त्यांनी पाठ केलेलं होतं. आता ते दोन आकड्यांच्या फरकात दिसलं. खालच्या स्थितीत लांबी १.२८४ अँगस्ट्रॉम, आणि कंपनच नसतं तर, म्हणजे दोन्ही बी वापरून मागे वक्राच्या तळाशी गेलं तर, १.२७५ च्या जवळ.

पहिली लाईन सगळ्यात उंच का नाही, हा प्रश्न एका मुलाने घरी सोडवून आणला. ३०० केल्व्हिनला केटी, म्हणजे उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेचं माप, २०८.५. जे तीनच्या पातळीला सात उपपातळ्या आहेत, आणि बोल्ट्झमनचा घटक लावूनही तिथे जे शून्यापेक्षा जवळपास ३.८ पट रेणू असतात. कंपनाच्या पहिल्या उत्तेजित पातळीत मात्र दहा लाखांत जेमतेम एक. खोलीचं तापमान रेणूला जोरात फिरवायला पुरतं, कंपनाची एक पायरी चढवायला पुरत नाही.

समस्थानिकांच्या जोड्यांवर थोडा गोंधळ झाला. नैसर्गिक क्लोरीनमध्ये ३५ आणि ३७ साधारण तीनास एक असतात, पण मुलांना उंचीचं गुणोत्तर दीडास एक, काही ठिकाणी सव्वास एक मिळत होतं. कारण चार्ट टक्के ट्रान्समिटन्समध्ये, म्हणजे आरपार गेलेल्या प्रकाशाच्या टक्क्यांत, होता आणि सेलमध्ये वायू जास्त भरला होता. मोठी लाईन तळाला टेकलेली, तिला आणखी खाली जायला जागाच नव्हती. वायू कमी करून अॅब्सॉर्बन्समध्ये घेतल्यावर गुणोत्तर तीनाकडे सरकलं. पूर्ण तीन आलं नाही, आणि १ च्या रेझोल्यूशनवर ते यावं अशी अपेक्षाही धरू नये, कारण प्रत्यक्ष लाईन मशीनच्या रुंदीपेक्षा पुष्कळ अरुंद आहे.

काय बदललं आणि काय नाही, तेही नोंदवायला हवं. तोंडी परीक्षेत मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: एखाद्या रेणूच्या स्पेक्ट्रममध्ये मधलं अंतर इतरांइतकंच असतं तर काय म्हणाल? बऱ्याच जणांनी पातळ्या काढून उत्तर दिलं, कुणी क्यू शाखा आठवली, कुणी दुसरं जग. पण निवड नियमावरचं प्रभुत्व तितकं आलेलं नाही. तीन इंटिग्रल हाताने केलेली मुलंही नायट्रोजनचा रेणू इन्फ्रारेडमध्ये गप्प आणि रामनमध्ये का दिसतो, यावर अडखळली. द्विध्रुवाऐवजी ध्रुवणक्षमता आली की नव्या इंटिग्रलने सुरुवात करावी लागते, आणि तेवढ्या तासिका सत्रात उरल्या नव्हत्या. ज्या मुलांची समाकलनाची सवयच तुटलेली आहे त्यांनी ग्राफ पेपरचा भाग मन लावून केला, इंटिग्रलचा भाग शेजाऱ्याचं पाहून. त्यांच्यासाठी वेगळी तयारी लागेल.

शेवटचं काम ड्युटेरियम क्लोराइडचं (डीसीएलचं) होतं; ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनचा साधारण दुप्पट जड समस्थानिक. नमुना आमच्याकडे नव्हता, म्हणून मापन केलेला आकडा मी दिला आणि भाकित त्यांनी करायचं होतं. रिड्यूस्ड मास ०.९८० वरून १.९०४ वर जातो. स्प्रिंग तीच, म्हणून २८८६ ला १.३९४ ने भागलं, आलं २०७०. मोजलेला आकडा २०९१. एकवीसचा फरक कुणी चुकीत ढकलला नाही, ही मला या सगळ्यातली समाधानाची गोष्ट वाटते. मॉर्सचा सुधार हायड्रोजनसाठी ५२.८ आहे, ड्युटेरियमसाठी तो वर्गमुळाने नाही, सरळ वस्तुमानाच्या गुणोत्तराने कमी होतो आणि २७.२ होतो. ते धरून पुन्हा काढलं तर २०९१ मिळतं.

मग ऑरगॅनिक स्पेशलायझेशन घेणार असलेल्या एका मुलीने शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीतही रेणूत उरणारी कंपनाची ऊर्जा, काढली. एचसीएलची १४८२, डीसीएलची १०६६. फरक ४१६, म्हणजे सुमारे ५ किलोज्यूल प्रति मोल. तिने तो २९८ केल्व्हिनच्या केटीने भागला, घातांक घेतला आणि साडेसातच्या आसपासचा आकडा घेऊन आली. ‘मॅडम, हा आयसोटोप इफेक्टचा सात आहे ना? ऑरगॅनिकच्या मेकॅनिझममध्ये केएच बाय केडी सात लिहितो, तो?’ केएच बाय केडी म्हणजे हायड्रोजन आणि ड्युटेरियम असतानाच्या अभिक्रियावेगांचं गुणोत्तर. कार्बन-हायड्रोजनचं कंपनही २९०० च्या घरातलंच, आणि संक्रमण अवस्थेत ते कंपन पूर्ण हरवलं असं धरलं तर हिशेब याच वाटेने जातो. तिला मी सीएच आणि सीडीचे आकडे दिले आणि पुढच्या तासाला तो हिशेब फळ्यावर करायला सांगितला.